आग्र्याचा किल्ला: बांधला कुणी, राखला कुणी आणि आता कुणाचा?

गेली काही वर्षं आग्र्याच्या बातम्या महाराष्ट्रात येतात त्या ताजमहालापेक्षा किल्ल्याच्या आसपासच्या. सप्टेंबर २०२० मध्ये तिथे बांधकाम चालू असलेल्या मुघल संग्रहालयाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव द्यायचा निर्णय उत्तर प्रदेश सरकारने घेतला. २०२३ मध्ये किल्ल्यातल्या दिवाण-ए-आमपुढे, म्हणजे आम दरबाराच्या सभामंडपापुढे, शिवजयंती साजरी झाली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने आग्र्यात महाराजांचं स्मारक उभारण्याची घोषणा केली. त्याच वर्षी जुलैत रायगड, राजगड, शिवनेरी असे बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्या यादीत आग्र्याचा किल्ला १९८३ पासून आहे.

या बातम्यांवरची चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन अडते. ज्या औरंगजेबाने महाराजांना नजरकैदेत ठेवलं, संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं, त्याच्या घराण्याच्या किल्ल्याला आपला वारसा म्हणायचं का? हा प्रश्न कुणी उगाच उकरून काढलेला नाही, तो मनात येणारच. पण उत्तराकडे जाण्याआधी तो किल्ला आहे तरी काय, हे बघू. कारण 'मुघल किल्ला' एवढं म्हटलं की तिथलं निम्मंअधिक बाहेरच राहतं.

आधी होता तो विटांचा किल्ला

यमुनेच्या उजव्या काठावर मुघलांच्या आधीपासून विटांचा एक किल्ला होता. त्याचं नाव बादलगड. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सिकंदर लोदीने दिल्लीहून आपलं ठाणं आग्र्याला हलवलं आणि या जागेला महत्त्व आलं. १५२६ मध्ये पानिपतावर इब्राहिम लोदी पडला आणि किल्ला बाबराकडे गेला. १५३० मध्ये हुमायून इथेच तख्तावर बसला. पुढे सूर घराणं आलं, १५५६ मध्ये थोडे दिवस हेमूही आला. तेव्हा अकबराच्या हाती जे आलं, ते आधीच बऱ्याच जणांनी वापरून झालेलं, पडझडीला लागलेलं बांधकाम होतं.

अकबराने १५६५ च्या सुमारास ते जवळपास मुळापासून नव्याने बांधायला घेतलं. तटाचा घेर सुमारे अडीच किलोमीटर, उंची सत्तर फुटांच्या आसपास. आत विटा-दगडांचा भराव, बाहेरून तांबड्या वालुकाश्माचं आवरण. आकार अर्धवर्तुळासारखा, सरळ बाजू नदीकडे. जहांगीरने आपल्या आठवणींत या कामाला पस्तीस लाख रुपये लागल्याचं लिहिलं आहे. ते आले कुठून? त्या काळचा इतिहासकार बदायुनी सांगतो की जमिनीच्या दर जरिबामागे (जरीब म्हणजे जमीन मोजायचं माप) तीन शेर धान्याचा कर बसवला गेला. बदायुनी अकबराचा भक्त नव्हता, त्यामुळे अशा नोंदी तो हात राखून करत नाही. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अबुल फजल लिहितो की आत बंगाल आणि गुजरातच्या पद्धतीच्या पाचशे इमारती होत्या. बादशहाचा दरबारी इतिहासकार आपल्या धन्याच्या राजधानीचं कौतुक करताना समरकंदाचं किंवा इराणचं नाव घेत नाही, बंगाल आणि गुजरातचं घेतो. त्या पाचशेपैकी आज जेमतेम तीसेक उरल्या आहेत. काही खुद्द शहाजहानने पाडल्या, बऱ्याच इंग्रजांनी १८०३ नंतर बराकींसाठी जमीनदोस्त केल्या.

दगड वाचायला दोनच गोष्टी पुरतात

वास्तुशास्त्राची पारिभाषिक जंत्री इथे देत नाही. तुळई आणि कमान एवढं कळलं तरी अर्धा किल्ला वाचता येतो.

दोन खांबांवर आडवा दगड टाकला की झाली तुळई. आपली हेमाडपंती देवळं या पद्धतीची. अडचण अशी की दगड लांब झाला तर मधोमध तडकतो. म्हणून खांबाच्या डोक्यावर बाहेर आलेले कोरीव आधार बसवतात, म्हणजे ब्रॅकेट. त्याने मधलं अंतर कमी होतं.

कमानीचं तंत्र निराळं. तिथे लहान लहान दगड एकमेकांना दाबत उभे असतात. सकाळच्या गर्दीत विरार लोकलमध्ये कुणी काही धरलेलं नसतं, तरी पडत कुणीच नाही, चारही बाजूंनी दाब असतो. कमानीतले दगड तसेच. या तंत्राने रुंद जागा झाकता येते, घुमट उभारता येतो. तुर्की सुलतानांबरोबर उत्तर भारतात याचा मोठा प्रसार झाला.

आता अमरसिंह दरवाजातून आत या. पर्यटकांना हाच दरवाजा खुला असतो, कारण दिल्ली दरवाजाकडचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. दरवाजे एकापुढे एक सरळ रेषेत नाहीत, वळणं घेत जातात आणि मग चढाची वाट लागते. गडांवर फिरलेल्या माणसाला यामागचं कारण सांगावं लागत नाही.

वर उजव्या हाताला जहांगिरी महाल आहे. नाव जहांगीरचं असलं तरी बांधकाम अकबराचं, आणि वापर जनानखान्याचा. बाहेरचा दर्शनी भाग कमानींचा, पांढऱ्या संगमरवराच्या रेघांनी सजवलेला. आतल्या चौकात पाऊल टाकलं की मात्र कमानी मागे पडतात. तुळया, कोरीव ब्रॅकेट, पुढे आलेले छज्जे. एका दालनाचं छत तिरप्या दगडी टेकूंवर तोललं आहे आणि त्या टेकूंवर सर्पाकृती कोरल्या आहेत. दगड लाकडासारखा कोरला आहे, कारण हात लाकडावर तयार झालेल्या परंपरेतले होते.

या चौकाचे पूर्वज शोधायचे तर ग्वाल्हेरला जावं लागतं. तिथे राजा मानसिंह तोमराने पंधराव्या शतकाच्या शेवटी आणि सोळाव्याच्या सुरुवातीला मानमंदिर महाल बांधला. १५२८ मध्ये बाबराने तो पाहिला आणि आपल्या आत्मचरित्रात त्याची वाखाणणी केली. त्याच्या नातवाने, अकबराने, त्याच घडणीचे चौक आग्र्यात बांधवून घेतले. बाहेरून कमान आणि आतून तुळई असलेला हा महाल पंधरा मिनिटांत उरकून लोक पुढे ताजमहाल दिसतो त्या खिडकीकडे धावतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. किल्ल्यातली सगळ्यात बोलकी इमारत तीच आहे.

मग पांढरा रंग कुठून आला?

शहाजहान १६२८ मध्ये बादशहा झाला. त्याला तांबडा दगड फारसा रुचत नसावा. आजोबांच्या बऱ्याच इमारती पाडून त्याने खास महाल, दिवाण-ए-खास, मुसम्मन बुर्ज (अष्टकोनी बुरूज), मोती मशीद उभारली. संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा. त्यात रंगीत खडे बसवण्याचं काम म्हणजे पच्चीकारी. निळा लाजवर्द थेट बदख्शानहून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून येई. दिवाण-ए-आमच्या पाकळ्यांच्या महिरपी संगमरवरी वाटतात, पण आत तांबडाच दगड आहे. वर घोटून घोटून चकचकीत केलेला चुन्याचा गिलावा.

खास महालाच्या दोन्ही बाजूंच्या लहान मंडपांची छपरं जरूर बघा. मधे उंच, कडांना खाली झुकलेली. हे छप्पर बंगालच्या बांबूच्या झोपडीचं. धो धो पावसात पाणी झटकन निथळावं म्हणून गवत आणि बांबू वाकवून केलेली शेतकऱ्याची युक्ती. आग्र्यात तेवढा पाऊस नाही, तरी बादशहाला आकार आवडला आणि झोपडीचं छप्पर सोन्याचा मुलामा चढून शाही महालाशेजारी बसलं. पुढे तेच राजस्थानातल्या छत्र्यांवर आणि शीख वास्तूंवर गेलं.

महाराष्ट्रातही या धाग्याची टोकं सापडतात. पेशवाईतल्या वाड्यांत सुरूच्या झाडासारखे मधे फुगीर, वर निमुळते लाकडी खांब असतात, आणि त्यांच्यामध्ये पाकळ्यापाकळ्यांच्या महिरपी. या दोन्ही गोष्टी शहाजहानच्या काळात दरबारी फॅशन म्हणून रूढ झाल्या आणि मग उपखंडभर पसरल्या. ज्या पेशव्यांनी दिल्लीला नमवलं, त्यांच्या दिवाणखान्यात दिल्ली-आग्र्याचीच महिरप होती, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

महाराजांना किल्ल्यात कोंडलं होतं का?

मराठी पर्यटकाचा पहिला प्रश्न हाच असतो. कुणी एखादी अंधारी कोठडी दाखवून 'इथेच' म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.

घडलं ते असं. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले. त्यानंतर मिर्झाराजे जयसिंहांच्या शब्दावर महाराज नऊ वर्षांच्या संभाजीराजांना घेऊन आग्र्याला निघाले. १२ मे १६६६ रोजी ते किल्ल्यात औरंगजेबासमोर गेले. बादशहाच्या वाढदिवसाचा दरबार होता. मानाला न साजेशी जागा मिळाली, पुढे जसवंतसिंह राठोड उभा असल्याचं कळलं, आणि महाराजांनी भर दरबारात आपला संताप दाखवला. नंतरची तीन महिन्यांची नजरकैद मात्र किल्ल्याच्या आत नव्हती. ती शहरात, मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह याच्या तळाशेजारी होती, आणि भोवती कोतवाल फौलादखानाचा पहारा. आमेरच्या, म्हणजे मिर्झाराजांच्या, माणसांनी तिथून आपल्या राज्यात पाठवलेली राजस्थानी पत्रं उपलब्ध आहेत. त्यांतला परकालदास जवळजवळ रोजचा वृत्तान्त कळवतो. १७ ऑगस्टला महाराज निसटले.

या किल्ल्यात खरोखर कैद भोगली ती दुसऱ्याने. १६५८ मध्ये औरंगजेबाने वेढा घालून किल्ल्याचं यमुनेकडून येणारं पाणी तोडलं आणि बापाला शरण यायला लावलं. शहाजहान पुढची साडेसात वर्षं इथेच, मुलगी जहानआराच्या सोबतीने राहिला आणि जानेवारी १६६६ मध्ये मुसम्मन बुर्जात वारला. म्हणजे बापाला जाऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा औरंगजेब तो दरबार भरवत होता.

आणखी एक तपशील. रोज सकाळी बादशहाने झरोक्यात येऊन लोकांना दर्शन द्यायची पद्धत अकबरापासून चालत आली होती. देवदर्शनासारखं बादशहाचं दर्शन घेतल्याशिवाय काही लोक अन्नही घेत नसत. औरंगजेबाने ती १६६८ च्या सुमारास धर्माला धरून नाही म्हणून बंद केली. म्हणजे अकबर आणि औरंगजेब एकाच घराण्यातले असले, तरी दोघांच्या राज्य करण्यात फरक होता.

लाहोर, आग्रा, ढाका

आता नकाशा थोडा मोठा करू. आग्र्याचं काम चालू असतानाच अकबराने लाहोरचा किल्ला विटांमध्ये नव्याने बांधायला घेतला. तिथे जहांगीरच्या चौकात दगडी ब्रॅकेटांवर हत्ती आणि मोर आहेत. शहाजहानच्या नौलखा मंडपावर तेच बंगाली छप्पर आहे. त्याच किल्ल्यातून पुढे महाराजा रणजितसिंहांनी राज्य केलं, आणि त्याआधी, एप्रिल १७५८ मध्ये, रघुनाथरावांच्या मराठी फौजा लाहोरात शिरल्या होत्या. आज पाकिस्तानात असलेला हा किल्ला १९८१ पासून जागतिक वारसा आहे.

पूर्वेला, आजच्या बांगलादेशात, ढाक्याचा लालबाग किल्ला. १६७८ मध्ये औरंगजेबाचा मुलगा आझम याने तो सुरू केला आणि नंतरच्या सुभेदाराकडे काम आलं. हा सुभेदार शायिस्ताखान. एप्रिल १६६३ मध्ये पुण्यात लाल महालात ज्याची बोटं तुटली तोच. त्या नामुष्कीनंतर बादशहाने त्याला बंगालला धाडलं. लालबागचं काम चालू असताना त्याची मुलगी परीबीबी वारली आणि किल्ला अर्धवटच राहिला. पुण्यातल्या एका रात्रीचा धागा असा ढाक्यातल्या अपुऱ्या किल्ल्यापर्यंत पोचतो.

सामायिक वारसा म्हणतात तो हाच. त्याला गळाभेट किंवा समेट समजायचं कारण नाही. तीन देशांतल्या तीन किल्ल्यांचे गवंडी, दगड, छपरांचे आकार, लढाया आणि माणसं एकमेकांत गुंतलेली आहेत. सरहद्दी १९४७ मध्ये आणि १९७१ मध्ये आखल्या गेल्या, किल्ल्यांचे पाये त्याच्या कितीतरी आधीचे.

'पण पैसा तर रयतेचाच लुटलेला होता'

होता. बदायुनीचा तीन शेर धान्याचा कर वर आलाच आहे. मी तर म्हणेन की म्हणूनच त्या किल्ल्यावर आपला हक्क आहे. धान्य दिलं शेतकऱ्याने, दगड फोडला इथल्या पाथरवटाने, छपराचा आकार बंगालच्या खेड्यातला. मग इमारत फक्त बादशहाच्या नावे का करायची? राज्यकर्त्याचा हिशेब वेगळा मांडावा, कारागिराचा वेगळा. औरंगजेबाबद्दलचा राग जराही कमी न करता जहांगिरी महालातल्या ब्रॅकेटला दाद देता येते. ती दाद ज्याला जाते, त्याचं नाव कुठल्याही बखरीत नाही.

'मुघल परकेच ना?'

बाबर परका होता, आणि त्याने ते लपवलंही नाही. हिंदुस्तानबद्दलची त्याची नापसंती त्याने सविस्तर लिहून ठेवली आहे. अकबर सिंधमधल्या उमरकोटला जन्मला. जहांगीरची आई आमेरची राजकन्या, शहाजहानची आई जोधपूरची. त्यामुळे त्यांचं राज्य न्यायाचं ठरत नाही. अत्याचार देशी माणूसही करतो, आणि मराठ्यांच्या लढ्याला शत्रूचा जन्म कुठे झाला याचा आधार लागतही नाही. राज्य कसं केलं, एवढं पुरेसं आहे.

काहीजण उलट टोक गाठतात: किल्ला मुळात बादलगडच्या राजाचा, मुघलांचं त्यात काहीच नाही. जुन्या किल्ल्याची आठवण ठेवायलाच हवी. पण आज समोर उभा असलेला तट अकबराचा आहे आणि संगमरवर शहाजहानचा. कागद आणि दगड दोन्ही तेच सांगतात.

इतिहासाचा वापर करायचा झाला की काय होतं

याचा उत्तम नमुना किल्ल्यातच ठेवला आहे, आणि बहुतेक लोक त्यावरून नुसती नजर फिरवून जातात. काचेमागे सोळा फुटांहून उंच लाकडी दरवाजे आहेत. १८४२ मध्ये अफगाणिस्तानात इंग्रजांची दाणादाण उडाली होती. अब्रू सावरायला गव्हर्नर जनरल एलनबरोने गझनीच्या महमूदाच्या कबरीवरचे दरवाजे उचलून आणायला लावले आणि जाहीर केलं की हे सोमनाथाचे चंदनी दरवाजे आहेत, आठशे वर्षांच्या अपमानाचा बदला आम्ही घेतला. दरवाजांची मिरवणूक काढली. तपासणीत लाकूड देवदाराचं निघालं, कोरीवकाम गझनीचं आणि वर अरबी मजकूर. सोमनाथाशी काही संबंध नव्हता. लंडनच्या पार्लमेंटमध्ये एलनबरोवर टीका झाली आणि दरवाजे आग्र्यातच पडून राहिले. हिंदूंच्या जखमेवर इंग्रजांनी स्वतःचं राजकारण कसं शिजवलं, ते बघायचं तर दहा मिनिटं त्या काचेपुढे उभं राहावं.

मधल्या काळात किल्ला आपल्याकडे होता

हे मराठी माणसालाही फारसं ठाऊक नसतं. १७६१ मध्ये भरतपूरच्या सूरजमल जाटाने आग्रा घेतलं, मग ते मुघल सरदार नजफखानाकडे गेलं, आणि १७८५ मध्ये महादजी शिंद्यांकडे आलं. १७८७-८८ मध्ये गुलाम कादिर आणि इस्माईल बेग यांनी किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा शिंद्यांचे सरदार लखबादादा लाड यांनी तो महिनोन्‌महिने लढवला आणि महादजींची कुमक येईपर्यंत हातचा जाऊ दिला नाही. ऑक्टोबर १८०३ मध्ये जनरल लेकने दौलतराव शिंद्यांकडून तो जिंकला. म्हणजे जवळपास दोन दशकं या तटावर मराठी पहारा होता. दिवाण-ए-आमपुढच्या हिरवळीवर १८५७ मध्ये वारलेल्या कॉल्विन या इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नरची कबर दिसते. लखबादादांच्या नावाची पाटी मात्र शोधावी लागेल. स्मारकाची चर्चा चालूच आहे, तर त्यात हेही नाव यावं असं मला वाटतं.

शिंद्यांच्या वतीने या किल्ल्याचा शेवटचा मोठा किल्लेदार होता जॉन हेसिंग नावाचा डच माणूस. जुलै १८०३ मध्ये, इंग्रज यायच्या काही महिने आधी, तो वारला. त्याच्या बायकोने आग्र्याच्या रोमन कॅथलिक दफनभूमीत त्याची कबर बांधली: तांबड्या वालुकाश्मातला छोटा ताजमहाल, घुमटासकट. युरोपातला ख्रिस्ती शिपाई, मराठ्यांचा चाकर, कबर मुघल घडणीची. भगवान टॉकीजजवळ ती आहे. किल्ला आणि ताज झाल्यावर संध्याकाळच्या गाडीला वेळ असेल, तर रिक्षावाल्याला तिकडे घ्यायला सांगा.